तबकडीवरचा चरा

"अरे, हा तर माह्या तबकडीवरचा चराही वाजवून राहिला!"

अमरावतीच्या क्लबाच्या हिरवळीवर, दुपारच्या चहाला, साहेब-मडमांच्या देखत देशमुखांचे धाकटे राव ओरडले. सगळी हिरवळ हसली. मी क्लॅरिनेट तोंडाला लावून उभा.

झालं होतं असं. रावांकडे विलायतेहून आलेली जॅझची एक तबकडी होती. आम्ही जातीचे वाजंत्री, म्हणून ती मी ओसरीच्या पायरीवर बसून ऐकली. दोन महिने ऐकली. एके ठिकाणी चरा होता. तिथे सुई उडायची आणि गाण्याच्या फेऱ्यातल्या दोन मोजण्या गिळायची. मला वाटलं, ह्यांचं गाणंच असं ठेचकाळतं. मी ती ठेचही इमानदारीने पाठ केली. रावांना सगळं ठाऊक होतं. एका शब्दाने सांगितलं नाही. त्या दिवशी मुंबईहून बोलावलेले गोव्याकडचे एक म्हातारे मास्तर सॅक्सोफोन घेऊन साथीला होते. चऱ्यापाशी मी उडालो, ते सरळ गेले, आणि बाजाचा पार विचका झाला.

"परत वाजव," राव म्हणाले. "तो चरा परत वाजव."

वाजवला. सांगायला लाज वाटते, पण वाजवला. एक मडम डोळे पुसत हसत होती. रावांनी पुन्हा बोट वर केलं. आता मात्र मी क्लॅरिनेट खाली घेतली.

"वाजवत नाही मी. तुमचा चरा तुमीच वाजवा."

"वाजंत्र्या, कोनाशी बोलून राहिला?"

"ज्याच्या लग्नात माह्या बापानं सनई फुकली अन् उकिरड्याजोळ बसून जेवला, त्याच्याशी."

हसणं थांबलं. बाजावाल्यांना क्लबाचं मागचं दार होतं. मी पुढच्या फाटकातून गेलो.

म्हातारे मास्तर फाटकापर्यंत मागे आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. कसलं काय.

"वो लोग तो कमीने हैं," ते म्हणाले. "लेकिन तू गधा है. ये गाना हर फेरे में बारह गिनता है. तूने दस गिने, और तुझे पता नहीं चला?"

मी बोटांवर फेरा मोजून पाहिला. दहाच भरले.

"किसका गाना है, मालूम? जिनके दादा-परदादा बाजार में बिकते थे, उनका."

बापाच्या सनईची सम चुकली असती तर मला झोपेत कळलं असतं. बापाने मला तीन वर्षं नुसता सूर धरायला लावलं होतं. तो वाजवणार, मी मागे बसून एकच सूर भरत राहणार, गाल सुजेपर्यंत. त्याला कंटाळून मी क्लॅरिनेटकडे पळालो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा धांगडधिंगा तो, त्याला कसला आलाय कायदा, फुंकलं की झालं, अशी माझी समजूत. म्हणजे देशमुख आमच्या सनईला जे समजत होते, तेच मी त्या लोकांच्या गाण्याला समजलो. मी, पायरीवर बसणारा! रावांच्या हसण्यापेक्षा ह्याचीच चीड मला जास्त आली. अजून येते.

मग मी मास्तरांच्या मागे मुंबईला गेलो आणि पहिल्यापासून शिकलो. मोजायला शिकलो. ते गाणं कुणी रचलं, कुणाच्या मयताला वाजलं, कुणी त्यावर नाचून घेतलं, तेही शिकलो.

आता अकोल्यात माझ्याकडे तरणीताठी पोरं येतात. केसांना तेल, गळ्यात टाय. "मास्तर, जुनं कायले शिकाचं? जॅझ म्हणजे मोकळं वाजवनं," म्हणतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी त्यांच्यासमोर एक फेरा वाजवतो, मुद्दाम दोन मोजण्या गाळून. एकालाही पत्ता लागत नाही. वर म्हणतात, वा मास्तर!

ह्यांना मी साफ सांगतो. आधी सहा महिने माझ्यामागे बसून सूर धर. बारा मोज. ज्यांचं गाणं आहे त्यांचे हाल तोंडपाठ कर. जमत नसेल तर तेल्हारा का कुठलं तुझं गाव असेल, तिकडची गाडी पकड आणि घरी जा. दुसऱ्याच्या तबकडीचा चरा मी एकदा वाजवला. माझ्या हाताखालून तो पुन्हा वाजणार नाही.