हा कुणापैकी?

लढाईच्या दिवसांत नगरपालिकेतले बरेच गडी पलटणीत गेले आणि नवी भरती मुकादमाकडं आली. विट्याचा येवो, फलटणचा येवो, तो फक्त तळहाताचे घट्टे बघायचा आणि तंबाखू मळत म्हणायचा, "लाग रं कामाला."

मी कारकून होतो त्या कचेरीत पाणी भरायला त्यानं माणचा एक गडी आणला. हेडक्लार्कनं जात काढायला विचारलं, "हा कुणापैकी?" गडी चाचरला. मुकादमच म्हणाला, "माझ्यापैकी हाय की, सायेब."

दुपारपर्यंत माठाकडं कुणी फिरकलं नाही. मग मुकादम स्वतः घटाघटा प्याला आणि भरलेला तांब्या माझ्यापुढं धरला. "घ्या की, भाऊसाब."

सगळी कचेरी माझ्याकडं बघत होती. मी प्यालो. पाणी लय गार होतं. मला मात्र दरदरून घाम सुटला होता.