खांडीतली तिवरं

किमया विमानतळांच्या धुराचा हिशेब तपासते, असं सांगितलं की वडखळ नाक्यावरची माणसं आधी आभाळाकडे बघतात, मग तिच्याकडे. विमानतळ चालवणाऱ्या कंपन्या जाहीर करतात की अमुक सालापर्यंत आमचा कार्बन शून्य. त्यात खरं किती आणि तोंडाची वाफ किती, हे बघणं तिचं काम. दिवे, एसी, सामान ओढणाऱ्या गाड्यांचं डिझेल, सगळं मोजायचं. सगळ्यात मोठा धूर विमानांचा, तो कंपन्या हळूच विमानवाल्यांच्या नावावर सरकवतात. किमया नेमकं तिथेच बोट ठेवते, म्हणून ती कुणाला फारशी आवडत नाही.

या खेपेला हिशेबात तिचंच गाव निघालं. उरलेल्या धुराच्या बदल्यात आपण पेणच्या खाडीकाठी तिवरं लावली, असा एका कंपनीचा दावा होता. "माझं गाव आहे, दुसऱ्याला पाठवा," ती म्हणाली. "मग बरंच की," साहेब म्हणाले.

जागेवर पोचताच तिने ती ओळखली. ते तिच्या बापाचं, जनूचं, खाडीचं पाणी बांधाने अडवून पिकवलेलं खारीतलं भाताचं शेत होतं. काही वर्षांपूर्वी उधाणाने बांधाला खांड पडली. एरवी खांड पडली की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावायचा, ती बुजल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. त्या वर्षी सगळे धाटावच्या कारखान्यांत शिफ्टवर. दुसरा जाईल, असं प्रत्येकाला वाटलं. खारं पाणी आत आलं, भात गेलं आणि भरतीबरोबर तिवरं आपोआप रुजली.

मग कंपनीकडे पुरावा कसला? गावकऱ्यांची साक्ष. कंपनीने काढलेल्या व्हिडिओत सगळ्यांच्या पुढे जनू उभा, हसत सांगतोय, "व्हय, आमीच लावली."

"आबा, असं का बोललात?" किमयाने घरी विचारलं.

"मंग काय बोलू? खांड पडली नि आमी बांधली नाय, असं सांगू? खारीतला मानूस असं बोलतो का गो?"

तिला राग आला आणि त्याहून जास्त कणव आली. खरं लिहावं तर बाप जगासमोर खोटा ठरणार, न लिहावं तर त्याच्याच बुडालेल्या शेतावर कंपनी आपला धूर धुऊन घेणार. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी कंपनीचा अधिकारी आला, पाठोपाठ गाव जमला. किमयाने विचारलं, "ही तिवरं कुणी लावली?" बापाकडे बघायचं तिने टाळलं.

जनू पुढे झाला. "कोनी नाय. खांड पडली तवा मी ड्युटीवर होतो. सांगायची लाज वाटली, म्हून खोटं बोललो."

"पण मॅडम, झाडं तर आहेत ना?" अधिकारी घाईने म्हणाला. "कार्बन शोषतातच की."

"शोषतात. पण ती तुम्ही लावलेली नाहीत."

तिने हिशेबात तिवरांपुढे शून्य लिहिलं. खाली कारण लिहायला गेली आणि थांबली.

"थांबलीस कशाला, बाय?" जनू म्हणाला. "माज्या नावानिशी लिव. नि समद्यांना ऐकू जाईल असं वाच."