वायर काढल्यावरची धून

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या सुरतेच्या लिंबायतमध्ये पोराला साधा ताप आला तरी अंगारा आणायला पळणारे लोक आहेत आणि मी त्यांची टिंगल करणारा. गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही म्हणून बायकोशी दर अमावस्येला माझं वाजतं. या ग्रुपवरचे असले अनुभवही मी "काहीतरीच!" म्हणत वाचायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय... हसा खुशाल.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. वडील लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले, मी इथलाच. दिवसा कापड मार्केटमध्ये साड्यांचं पॅकिंग करतो आणि लग्नसराईत मामांच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. आमचा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. टेम्पोवर मोठाले स्पीकर, पॅडवर ताल धरणारा आमचा राजू आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यात बेंजो अडकवलेले मामा!

मामांची स्वतः बांधलेली एक धून होती. नवरी सासरी निघाली की वाजवायची. पहिला अर्धा भाग आम्ही सगळे मिळून स्पीकरवर वाजवायचो. गाडी हलली की मामा हात वर करायचे, आम्ही थांबायचो. मग मामा बेंजोची वायर काढून टाकायचे आणि उरलेली धून तशीच, बिनास्पीकरची, गाडीच्या खिडकीशी चालत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत वाजवायचे. "एवढी तिची एकटीची," म्हणायचे. आम्ही तेवढ्यात टेम्पोत वायरी गुंडाळत असायचो. म्हणजे ती उरलेली धून ऐकायची फक्त नवरीने, आणि ती बिचारी रडत असायची. शूटिंगवाल्यांचं तर विचारूच नका, पाठवणीवर ते सिनेमाचं गाणं चिकटवून मोकळे होतात.

गेल्या वर्षी मामा अचानक गेले. पार्टी बसली. राजू दिवसभर रिक्षा चालवायला लागला. बेंजो मामींच्या कपाटावर चादरीत गुंडाळून पडला. आणि मग वर्षाचं लग्न ठरलं. वर्षा म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, त्यांना आप्पा म्हणायची. तिने ना दागिना मागितला, ना हॉल. मला एवढंच म्हणाली, "भाऊ, आप्पानी धून वाजाडजो. पुरी वाजाडजो."

मी हो म्हणून बसलो. पण पुरी येत होती कुणाला? अख्ख्या गल्लीतल्या पोरींना जी धून मिळाली ती मामांच्या स्वतःच्या लेकीलाच मिळणार नव्हती. माझी झोप उडाली. बहिणीला, सुनंदाला, उधन्याला तिच्या सासरी फोन लावला, कारण तिच्या पाठवणीला मामांनीच वाजवलं होतं. ती म्हणाली, "त्या टाइमले रडू का बेंजो ऐकू, भाऊ? कानवर पडनी तं मातर वळखसू." ओळखशील गं, पण कानावर पाडणार कोण?

अशात आमचे साऊंडवाले सलीमभाई म्हणाले, एका कॉलेजच्या ग्राऊंडवर प्रोग्रॅम आहे, वायरी ओढायला माणसं कमी आहेत, येता का? मी आणि राजू गेलो. ईशान्येकडचा कुणी रॉक गिटारिस्ट होता. नाव मुद्दाम देत नाही, उगाच त्याला त्रास नको. सुरतेत पहिल्यांदाच आला होता. मला रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा, पण लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला गोंगाटाचं काय! आम्ही स्टेजच्या डाव्या बाजूला केबलच्या पेट्यांवर बसलो.

संध्याकाळचं ऊन अजून भिंतीवर होतं. गिटारिस्ट म्हणजे किडकिडीत पोरगा, पायात साध्या चपला. पण वाजवायला लागला आणि... खरं सांगतो, अंगावर काटा आला. एकेक सूर असा ओढायचा की आपलाच कुणीतरी हाक मारतोय असं वाटावं. राजूची बोटं कधीपासून पेटीवर ताल धरत होती, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या गाण्यात मध्येच त्याने मान आमच्या बाजूला वळवली. कान देऊन काही ऐकावं तशी. मग हात वर केला. ड्रमवाला थांबला, सगळे थांबले. त्याने गिटारचा आवाज इतका कमी केला की ग्राऊंडवरची पोरं चिडीचूप झाली. आणि त्याने मामांची धून वाजवली.

पहिला भाग मी ओळखला. राजूने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग तो भाग संपला, आणि तो पोरगा थांबलाच नाही... पुढे गेला. जे आम्ही कधी ऐकलंच नव्हतं ते. मी झटकन मोबाईल काढला आणि रेकॉर्ड केलं.

प्रोग्रॅम संपल्यावर स्टेजमागे गाठून त्याला विचारलं, ही धून कुठली? तो माझ्याकडेच नवलाने बघायला लागला. "आप ही लोग तो बजा रहे थे ना? लेफ्ट साइड से आ रहा था. कोई अंकल होंगे, बिना अ‍ॅम्प के, तार वाला कुछ था. इतना मीठा बजा रहे थे कि मैं बस पीछे-पीछे चला गया."

डाव्या बाजूला आम्ही दोघेच होतो. बेंजो लिंबायतला, मामींच्या कपाटावर.

तो हसून म्हणाला, "अंकल को मेरा थैंक यू बोलना." मी म्हटलं, "बोलूंगा." मामा गेलेत हे सांगायला जीभ रेटली नाही.

रेकॉर्डिंग तसंच सुनंदाला पाठवलं. ऐकून तिने रडतच फोन केला. मग म्हणाली, "हाईच शे, भाऊ."

दुसऱ्या दिवसापासून राजू रिक्षा लवकर बंद करून पॅड काढून बसायला लागला. मी मामींकडून बेंजो आणला, रोज मार्केटमधून आलो की रेकॉर्डिंग लावून धून बसवायचो. त्या कार्यक्रमात वाजवणारी कॉलेजच्या बँडची दोन गुजराती पोरंसुद्धा सलीमभाईंकडून पत्ता काढत आली. "काका, ए धून अमने शीखवो ने!" आता रविवारी आमच्या ओट्यावर गिटार आणि बेंजो एकत्र वाजतात. बसलेली पार्टी पुन्हा उभी राहिली.

लोक म्हणतात, त्या पोराने कुठेतरी ऐकली असेल. पहिला भाग असेलही. पण वायर काढल्यावरचा? तो कुणी रेकॉर्डच केला नव्हता. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, आता मी शोधतही नाही. त्या पोराचे आणि ज्याने कुणी त्याला ऐकवलं त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

वर्षाच्या लग्नात गाडी हलली. मी हात वर केला, सगळे थांबले. वायर काढली आणि खिडकीशी चालत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत वाजवत गेलो. वर्षा रडत नव्हती. काचेला कान लावून पुरी ऐकत होती.

गाडी वळून गेल्यावर मी तिथेच उभा होतो. आसपास कुणी नव्हतं. मग हळूच म्हटलं, "मामा, त्या पोराने थँक्यू सांगितलंय."