पायाळूचा पाय

मी जन्माला आले ती पाय पुढे करून. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, धो धो पावसात, सुईणीचा जीव घाबरा करून. माझी आई हे सांगताना अजूनही हात जोडते. अशा मुलाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळूवर वीज पडते असा समज, त्यामुळे ढग गडगडायला लागले की मला घरात कोंडून ठेवत. दुसरा समज असा, की कुणाच्या पाठीत उसण भरली आणि पायाळूने पाठीला पाय लावला की चमक निघून जाते. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं, आणि मी फ्रॉक सावरत त्यांच्या कमरेला अंगठा टेकवायची. बक्षीस म्हणून बिस्किटाचा पुडा मिळायचा. माझ्या पायाला गुण आहे असं सगळे म्हणत, आणि बिस्किटांसाठी मीही ते मान्य केलं होतं.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले. वर्गात वीज कशी पडते ते शिकवते, त्यात पायाळूंचा उल्लेख येत नाही. लग्न होऊन नाशिकला इंदिरानगरात आले तेव्हा हे सगळं इगतपुरीच्या घाटातच सोडून आले असं मला वाटलं होतं. पण लग्न जमवताना आईने भोळेपणाने सासूबाईंना सांगून टाकलं होतं, आणि सासूबाईंनी ते चांगलं लक्षात ठेवलं. त्या निफाडकडच्या शेतकरी घरातल्या, बोलायला रोखठोक. मी कधी उलट उत्तर दिलं, पाहुण्यांच्या आधी ताटावर बसले, की त्या शेजारणीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायच्या, "आलीच ती पाय पुढं करून." नवरा हसायचा. मीही हसायची, कारण दुसरं काय करणार.

एका गोष्टीवर मात्र मला कधी हसता आलं नाही. माझे वडील आजारी पडले तेव्हा आमच्याकडे गौरी बसायच्या होत्या. मी जाते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "घरात सवाष्ण नको का? गौरी उठल्या की जा." गौरी उठल्या आणि मी गेले. वडिलांनी मला ओळखलं नाही, तसेच गेले. नाशिकहून इगतपुरी असं कितीसं लांब, पण मी वेळेवर पोचले नाही. त्या गोष्टीबद्दल आमच्या घरात परत कुणी अवाक्षर काढलं नाही, मीसुद्धा.

सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली आणि त्यांची पाठ धरली. आधी सकाळी उठताना, मग बसताना, मग सारखीच. हाडांच्या डॉक्टरांनी वय झालंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. पट्ट्याने पोट आवळतं म्हणून तो कपाटात गेला. ओळखीतल्या कुणी कुणी सांगितलं तसं अळशीचं पोटीस झालं, नांदूर मधमेश्वरकडून आणलेलं एक काळं तेल झालं, तळपायावरचे बिंदू दाबून झाले. घरभर त्या तेलाचा वास मुरला. "ठणका काही हलंना," एवढंच त्या म्हणायच्या.

मग नवऱ्याने मोबाईलवर मणके बसवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. टेबलावर माणूस झोपवतात, मान कटकन वाजते, आणि माणूस उठून नाचायला लागतो. गंगापूर रोडला तसा एक जण बसतो असं कळलं. नवऱ्याला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ड्यूटी होती, म्हणून मीच सासूबाईंना रिक्षाने घेऊन गेले. त्या माणसाने त्यांना उभं केलं, बसवलं, पाठीवरून अगदी अलगद बोटं फिरवली आणि हात मागे घेतला. मला म्हणाला, "आजींची हाडं ठिसूळ झालेली असणार. आधी तपासणी करून या, तोवर मी काही करणार नाही. आणि पाठीवर दाब पडेल असं घरीही काही करू नका."

हे त्याने मला सांगितलं. सासूबाईंना कमी ऐकू येतं. रिक्षात त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आधी तपासणी करायला सांगितली आहे." त्या म्हणाल्या, "तपासून काय निघणार? म्हातारीची हाडं म्हातारीचीच निघणार." दिवाळीच्या सुट्टीत करून घेऊ असं मी ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत फराळ झाला, पेपर तपासून झाले, तपासणी राहिली.

सुट्टीनंतरच्या एका शनिवारी मी भाजी निवडत बसले होते. सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या, भिंतीला हात लावून. खाली बघत म्हणाल्या, "उद्या जरा पाय लावशील का माझ्या पाठीला?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा, खरं सांगते, माझ्या आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं ज्या पायावरून ऐकून घेतलं, तोच आता हवा होता. दाब पडू देऊ नका म्हणून सांगितलेलं मला आठवत होतं. मी स्वतःची समजूत घातली की नुसता अंगठा टेकवण्याला कुणी दाब म्हणत नाही.

रविवारी सकाळी त्या अंघोळीआधी हॉलमध्ये चटईवर पालथ्या झोपल्या. लुगड्याचा पदर बाजूला सारला. त्यांची पाठ मी पहिल्यांदाच अशी पाहत होते. लहान होती, एखाद्या मुलीची असावी तशी, आणि कातडी सैल पडलेली. मी भिंतीला हात टेकला आणि उजवा पाय त्यांच्या कमरेवर ठेवला. अंगठ्यावर काम भागलं असतं. मी पूर्ण तळवा ठेवला. आणि मला बरं वाटलं. गौरींच्या वेळचं सगळं त्या तळव्याशी आलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी पाय उचलायला उशीर केला.

मग लाज वाटली. मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, इथे तर मुद्दाम लावला होता. मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्या उठून बसल्या, पाठ इकडे तिकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "हलकं वाटतंय गं. लय दिवसांनी हलकं वाटतंय."

मी विज्ञान शिकवते. माणसाला बरं वाटायचं असलं की वाटतं, हे मला माहीत आहे. तरी त्या दिवशी मी स्वयंपाक करताना गुणगुणत होते.

मग तो दर रविवारचा नेमच झाला. त्या चटई आपल्या आपण अंथरायच्या, मी पाय लावायची, नमस्कार करायची, मग चहा. आणि हळूहळू माझ्या पायातला तो पहिल्या दिवशीचा आनंद निघून गेला. नुसता अंगठा टेकवायला लागले. कधी त्या पडल्या पडल्या माहेरच्या द्राक्षबागेचं काही सांगायच्या, तर मी पाय तसाच हवेत धरून ऐकत उभी. टोमणा तर त्या विसरूनच गेल्या होत्या. शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सूनबाईच्या पायाला गुण हाय." इतक्या वर्षांत आमच्यात जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या चटईवर झालं. तपासणीचा विषय मी काढला नाही. काढला असता तर रविवार बंद झाले असते.

त्यानंतर माझी आई आजारी पडली. इगतपुरीला ती एकटीच असते. ताप उतरला पण अशक्तपणा राहिला, म्हणून थोडे दिवस तिला इथे आणावं असं मी शनिवारी जेवताना बोलले. नवरा हो म्हणणार तोच सासूबाई म्हणाल्या, "इथं एक म्हातारी हाय तीच सांभाळंना. दोघींचं कोण करणार? तिला तिकडंच बरं." नवरा मान खाली घालून जेवत राहिला. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चटई अंथरलेली होती. त्या पालथ्या झोपल्या होत्या आणि काहीतरी बोलत होत्या, बहुतेक संक्रांतीच्या तिळाबद्दल. मी पाय ठेवला आणि दाबला. अंगाचा भार टाकला. किती टाकला ते मला सांगता येणार नाही. भिंतीवरचा माझा हात सुटला होता एवढं आठवतं. त्यांच्या तोंडून "अगं" एवढाच शब्द आला, आणि पुढचा श्वास बराच वेळ आला नाही. मी पाय काढला आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेले. चहा ठेवला. त्या भिंतीला धरून कशाबशा उठल्या हे मला भांड्यांच्या आवाजातूनही ऐकू येत होतं.

दुपारी त्यांना पलंगावरून उठताच येईना. संध्याकाळी दवाखान्यात पाठीचा एक्स-रे काढला, एक मणका दबला होता. डॉक्टरांनी विचारलं, "पडलात का आजी? पाठीवर काही जोर आला होता?"

मी तोंड उघडणार होते. उघडणार होते असं मी स्वतःला सांगत आले आहे. त्याआधी सासूबाई म्हणाल्या, "बादली उचलली."

आमच्या घरात त्यांनी कित्येक वर्षांत पाण्याचा तांब्यासुद्धा उचललेला नव्हता. नवरा त्यांनाच रागावला, कशाला उचलायची म्हणून. डॉक्टर म्हणाले, हाडं इतकी विरळ झाली आहेत की शिंकेनेही मणका दबू शकतो, आधीच दबलेलाही असेल. नवऱ्याला ते फार पटलं. येईल त्याला तो शिंकेचं सांगायचा. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण मुलांना मी शिकवते की प्रयोग पुन्हा करून पाहिल्याशिवाय कारण ठरवू नका, आणि हा प्रयोग पुन्हा करता येणार नाही. म्हणजे मला कधीच कळणार नाही. ते माझ्याजवळच राहणार.

मी शाळेतून रजा घेतली. त्यांचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन, सगळं मीच करायला लागले. इमारतीतल्या बायका भेटायला यायच्या आणि माझं कौतुक करायच्या, आजकाल अशी सून कुठे मिळते म्हणून. ते ऐकताना मला तोंड लपवावंसं वाटायचं. सासूबाई गप्प पडून असायच्या. एक गोष्ट फक्त माझ्या लक्षात आली होती. पाठ पुसायची वेळ आली की त्या म्हणायच्या, "राहू दे, तो आला की पुसंल." एकलहऱ्याहून दमून आलेला नवरा आईची पाठ पुसायचा. माझ्याकडे पाठ करून त्या एकदाही वळल्या नाहीत. मी खोलीत असले की उताण्याच पडून राहायच्या, दुखलं तरी.

एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. मध्येच म्हणाल्या, "तुझ्या आईला घेऊन ये इकडं."

माझा चमचा थांबला. जे मला हवं होतं ते मिळत होतं, आणि ते कशाच्या बदल्यात मिळत होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, "राहू द्या आई. तुमचं आधी बरं होऊ दे."

"माझं होईल तवा होईल. घेऊन ये. गौरीच्या वेळंस चुकलं माझं."

त्या इतक्या वर्षांनी ते बोलल्या. मी हे वाक्य किती वेळा मनात त्यांच्या तोंडी घातलं होतं, आणि आता ऐकलं तर मला वाटलं, नको होतं हे. आता माझ्याजवळ रागवायलाही काही उरलं नाही.

थोड्या वेळाने छताकडे बघत त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू नमस्कार नाय केलास."

मी वाटी खाली ठेवली.

"तवाच कळलं मला, पाय रागाचा होता. पाठीला तर आधीच कळलं होतं." मग मान माझ्याकडे वळवून, एखादा दागिना खरा आहे ना असं विचारावं तशा आवाजात, त्यांनी विचारलं, "आधीचे तसले नव्हते ना गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं. पण बादलीचं खोटं त्या माझ्यासाठी बोलल्या होत्या, त्यावर आणखी एक माझ्याच्याने रचवेना.

"पहिला होता," मी म्हटलं. "मधले नव्हते."

त्या परत छताकडे बघायला लागल्या. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला वाटलं आता रडतील, किंवा नवऱ्याला हाक मारतील.

"गुण तर पहिल्यालाच आला होता," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटले. "तेल कोमट करून आण. आता हातानंच चोळ जरा. हलक्या हातानं हं."

मी स्वयंपाकघरात गेले. तेल कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं. परत आले तेव्हा त्या एका कुशीवर वळून, माझ्याकडे पाठ करून पडल्या होत्या.