लेबल नसलेल्या वायरी

ऑफिसच्या फॉल्स सीलिंगवरची जुनी केबल कधी कुणी काढत नाही. तिच्यावरच नवी टाकतात, त्या नवीवर आणखी नवी. आमच्या केबलिंगच्या धंद्यातले किस्सेही असेच साचत गेलेत. मित्र जमले की म्हणतात, "संत्या, मामांचा एक होऊन जाऊ दे!" सांगतो. पण पूर्वीसारखं हसू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मामा म्हणजे आमचे जगताप मामा, वाघोलीचे. नात्याने माझे कुणी नाहीत, पण वायर सोलायला मला त्यांनीच शिकवलं.

*

पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने लेबलांची पट्टी घेऊन गेलो. नियम साधा आहे. प्रत्येक कॉम्प्युटरची वायर एका कपाटातल्या स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या पेटीपर्यंत, येते आणि सगळ्या वायरी सारख्याच निळ्या असतात, म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवायचा. मामांनी पट्टी घेतली आणि स्वतःच्या डब्याच्या झाकणाभोवती गुंडाळली. आमटी सांडत होती म्हणे!

"लेबल कशापायी? मी हाय न्हवं!"

हिंजवडीतल्या एका कंपनीत मॅनेजरने विचारलं, "काका, वायरिंगचं डॉक्युमेंटेशन कुठे आहे?" मामांनी कपाळावर बोट ठेवलं. "हितं." मॅनेजरने चिडून जुडग्यातली मधलीच एक वायर उपसली. मामा शांतपणे म्हणाले, "खिडकीजवळचे टकले साहेब. आता वरडतील बघा."

खिडकीकडून आवाज आला, "अरे, नेट कुणी बंद केलं?"

*

कर्वेनगरच्या एका कॉलेजात सगळ्या खोल्यांचे स्विच माळेसारखे एकापुढे एक जोडलेले होते. सुरुवातीच्या वायरीला उंदराने दात लावले की पुढच्या सगळ्या खोल्या बंद! प्राचार्य वैतागून म्हणाले, "एका वायरीची शिक्षा सगळ्यांना का?"

"सर, तुमच्या वर्गात बी एक बोलला की समद्यांना बाहेर काढता न्हवं?"

प्राचार्य हसले नाहीत, काम मात्र दिलं. मामांनी ती माळ उपटली आणि प्रत्येक ठिकाणची वायर वेगळी काढून थेट ऑफिसातल्या कपाटात आणली. लेबल अर्थातच एकीलाही नाही.

*

या पद्धतीत एक वायर गेली तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. हाच तिचा गुण. हिंजवडीच्या त्याच कंपनीत एका टेबलाची वायर कपाटात ढिली पडली होती. तीन आठवडे! आम्ही दुसऱ्याच कामाला गेलो म्हणून ती दिसली. त्या टेबलावरचे गृहस्थ रोज वेळेवर येत होते, डबा खाऊन घरी जात होते.

"साहेब, तक्रार नाही केलीत?" मी विचारलं.

ते हळूच म्हणाले, "मला वाटलं, काढून टाकलं असेल मला."

मामांनी वायर दाबून बसवली.

*

पुढचा किस्सा मी बरेच दिवस कुणाला सांगितला नव्हता. हिंजवडीलाच एकदा अख्खा मजला ठप्प झाला. कपाट उघडलं, तर एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचलेली! असं केलं की आलेला निरोप तिथल्या तिथे गरगर फिरत राहतो आणि सगळ्यांची वाट अडते. नवखा माणूससुद्धा ही चूक एकदाच करतो. आणि सकाळपासून त्या कपाटाला मामांशिवाय कुणीही हात लावलेला नव्हता.

"कुण्या गाढवाचं काम हाय हे?" मामा गरजले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"माझं," मी म्हणालो.

मग तासभर बोलणी खाल्ली. "दुसरं टोक कुठं जातंय ते आधी बघायचं, संत्या! किती येळा सांगू?"

*

पुढे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि मामा घरी बसले. इतक्या ऑफिसांच्या वायरी त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होत्या आणि त्या डोक्यातून रोज काहीतरी निसटत होतं. मी वही घेऊन दर रविवारी वाघोलीला जायला लागलो. पहिल्या रविवारी चार पानं भरली. दुसऱ्या रविवारी अर्धं. तिसऱ्या रविवारी विचारलं, "मामा, कर्वेनगरच्या कॉलेजातली ग्रंथालयाची वायर कुठली?"

"कंचं कॉलेज, संत्या?"

मामी म्हणाल्या, "संतोष, आज नुसता चहा पिऊन जा."

*

आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्याच कॉलेजातलं कपाट बदलायची वेळ आली. बाहेर मुलांची ही रांग! कुठली वायर कुठली, हे एकेक शोधत बसलो असतो तर दोन दिवस गेले असते. मामींना विचारलं आणि मामांना रिक्षाने घेऊन आलो.

मामा कपाटासमोर उभे राहिले. बराच वेळ नुसतेच उभे. मला वाटलं, चुकलंच आपलं, उगाच त्यांची शोभा केली. तेवढ्यात त्यांचा हात आत गेला. एक वायर बोटांत धरून ते म्हणाले, "ग्रंथालयाच्या बाई."

मी ती काढली आणि ग्रंथालयात फोन लावला. "बाई, नेट गेलं का?"

"आत्ताच गेलं! तुमचाच उद्योग का?"

"ही प्राचार्यांची." बरोबर. "ही फीच्या खिडकीवरच्या चिडक्याची." बरोबर! एकेक करत त्यांनी सगळ्या वायरी सांगितल्या, एकही चुकली नाही. मी लेबलं लिहीत होतो, चिकटवत होतो आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होतो. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. वाटलं, आहेत, आमचे मामा अजून आहेत!

शेवटचं लेबल लावून मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मामा, आणि मी कोण?"

मामांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझा हात हातात घेतला, मनगट उलटंसुलटं करून नीट तपासलं.

"अहो," ते म्हणाले, "तुम्हाला लेबल लावलं न्हाई का कुणी?"