सोमवारी तिला उपास असतो

ती घटना आजही आठवली की आधी स्वतःचाच राग येतो.

लखनऊच्या बख्शी का तालाब भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मूळ अमरावतीचा, पण नोकरी सगळी उत्तर प्रदेशात. हद्दीत जखमी वन्यप्राण्यांचं एक संगोपन केंद्र होतं. एका मंगळवारी सकाळी ठाण्यात निनावी फोन आला, "तेंदुए को ज़हर दिया गया है. कीपर को पकड़िए."

पिंजऱ्यात बिबट्याची मादी मरून पडली होती. तिचा कीपर पन्नाशीचा, सगळे त्याला चाचा म्हणत. पिल्लू असल्यापासून तिला त्यानेच सांभाळलेलं. साक्षीदारही लगेच हजर झाला, मांस पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर. "सोमवार की शाम अपनी आँखों से देखा साहब, चाचा गोश्त में सफ़ेद पाउडर मिला रहे थे." तपासणीत कीटकनाशक निघालं. दोन दिवसांत प्रकरण मिटवा, असा वरून निरोप आला.

चाचाला मी समोर बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "क्यों मारा?"

"नहीं मारा."

केंद्राच्या साहेबांनी एक कागद धाडला होता. पिंजऱ्यात औषध मारताना चूक झाली, एवढं चाचाने लिहून द्यायचं. नोकरी जाईल, पण तुरुंग टळेल. मी तो पुढे सरकवला. त्याने हातही लावला नाही.

"हाथ काट लीजिए साहब, दस्तखत नहीं होगा."

मी टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला. त्याने नजर खाली केली नाही. दोन तासांत त्याने एकच गोष्ट विचारली, शेजारच्या पिंजऱ्यातल्या तरसाचं पाणी कोणी बदललं का? ते तरसही रविवार रात्रीपासून ओकत होतं. गुन्हेगार माणूस जामिनाचं विचारतो, हे एवढ्या वर्षांत पाहिलेलं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

केंद्राच्या डॉक्टरीणबाई मराठी निघाल्या, आलमबागेत वाढलेल्या. शवविच्छेदन त्यांनीच केलेलं. मी मराठीत विचारलं, त्यांनी हिंदी मिसळलेल्या मराठीत सांगितलं, "सर, पोट बिल्कुल खाली होतं. सोमवारी काही खाल्लंच नव्हतं तिने."

पुढच्या सोमवारी मी वर्दी न घालता केंद्रात गेलो आणि दिवसभर नुसतं पाहत राहिलो. कीपर लोक आधी लाल औषधाच्या पाण्यात बूट बुडवतात. मग जनावराची विष्ठा पाहतात, तब्येत तिथेच कळते. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतात. मांसाची गाडी रोज येते, पण ड्रायव्हर टब स्वयंपाकघराच्या दारात ठेवून परततो, आत त्याला मज्जाव. तिथे बिबट्यांच्या रांगेचे टब पालथे घातलेले दिसले. मी कारण विचारलं.

"आज तेंदुओं का उपवास है," एक कीपर बाई म्हणाली. "हर सोमवार. लकड़बग्घे का मंगल को." म्हणजे तरसाचा.

सोमवारी बिबट्याला मांसच नसेल, तर ड्रायव्हरने पाहिलं काय?

ड्रायव्हरला बोलावलं. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, बोलू द्यावं. सोमवारी मादीने मांस कसं खाल्लं, म्हणून विचारलं. "बड़े मज़े से साहब, पूरा टब चट कर गई!" मग मी त्याला उपासाचं सांगितलं. मग त्याने सगळं कबूल केलं. फवारलेला चारा खाऊन मेलेली म्हैस मांसाच्या ठेकेदाराने तपासणीविना रविवारी पाठवली होती. निनावी फोनही ड्रायव्हरने ठेकेदाराच्याच सांगण्यावरून केलेला.

चाचाला सोडताना मी चिडूनच विचारलं, "पहले क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा, क्यों मारा. सोमवार को क्या खिलाते हो, यह किसने पूछा?"

म्हशीचं कळल्यावर मात्र तो मटकन खाली बसला. "इतवार को कलेजी उसी को देता था साहब. अगले दिन भूखी रहती है न." विष म्हशीच्या यकृतातच सगळ्यात जास्त साठलं होतं. सोमवारी ती सुस्त पडली, ती उपासामुळे असं सगळ्यांना वाटलं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

ठेकेदाराचं नाव गाळा, असा पुन्हा वरून निरोप आला. मी नाव पहिल्या ओळीत लिहिलं आणि आरोपपत्र पाठवलं. महिन्याभरात माझी बदली झाली. झाली तर झाली. माणसाला गुन्ह्याबद्दल विचारण्याआधी त्याच्या कामाबद्दल विचारावं, एवढं शहाणपण त्या बदलीच्या मोलाने मिळालं. सौदा महाग पडला नाही.

जाण्यापूर्वी केंद्रावरून गेलो. फाटकाशी नव्या ठेकेदाराची गाडी उभी होती आणि तिच्यासमोर चाचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"डॉक्टर की मुहर कहाँ है?"

"कल लगवा लेंगे चाचा. देर हो रही है, सारे जानवर भूखे बैठे हैं."

"तो आज सबका सोमवार है. गाड़ी वापस ले जा."

गाडी मागे वळली.