अळीची सवय

सोनवणे सरांच्या प्राणिशास्त्राच्या तासाला 'साठी' या शब्दाला बंदी होती. 'उंचावरची पानं खाण्यासाठी जिराफाची मान लांब झाली' असं कुणी लिहिलं, की सरांची लाल पेन्सिल त्या 'साठी'वरून आडवी फिरायची. वही परत देताना म्हणायचे, "साठी आली आणि बुद्धी नाठी. जिराफाच्या कोणत्या आजोबांनी ठरवलं होतं, मान लांब करू म्हणून? काही माना जन्मतःच जरा लांब होत्या. त्यांचं पोट भरलं, त्यांची पिल्लं जगली. बाकीचे मागे पडले. एवढीच उत्क्रांती. आता डिसेक्शनच्या पेट्या काढा."

आमच्या घरातून अमळनेरच्या कॉलेजात पोचलेली मी पहिली. घरातलीच काय, गल्लीतली पहिली. सर धुळ्याचे, हमालाचा मुलगा. त्यांची नोकरी कच्ची; दर जूनला संस्था नवी ऑर्डर देई तेव्हा त्यांचं वर्ष सुरू होई. पण वर्गात बोलणं असं, जणू संस्था त्यांचीच.

त्या वर्षी कापसावरची बोंडअळी कुठल्याच औषधाला दाद देईना. जो तो म्हणे, "आळीले औषधनी सवय पडी गई." माझे वडील, आबा, तेही तेच म्हणत. संस्थेच्या अध्यक्षांचं बाजारात फवारणीच्या औषधांचं मोठं दुकान होतं. त्यांनी कॉलेजच्या मैदानावर शेतकऱ्यांचा मेळावा घेतला आणि सरांना बोलावून सांगितलं, "विज्ञानाच्या भाषेत दोन शब्द बोला. अळीला सवय झालीय, आता डोस दुप्पट करा, एवढंच."

सर उभे राहिले ते पुढच्या रांगेला विचारतच. "भाऊ, दादर ज्वारीचं बी कसं राखता?"

"चांगलं कणीस बाजूले काढतस."

"तसंच हे. अळीला सवयबिवय होत नाही. शेतात चार-दोन अळ्या जन्मतःच अशा असतात, की औषधानं मरत नाहीत. बाकीच्या तुम्ही मारता. या चार-दोन उरतात, त्यांचीच पिल्लं पुढच्या खेपेला शेतभर होतात. डोस दुप्पट करा, त्याहून चिवट तेवढ्या उरतील."

मागून एक म्हातारा उठला. "म्हंजे आळीनं बियानं आम्हीच राखं?"

"हो नाना, अळीचं बियाणं. आणि झकास राखलं."

सगळा मांडव हसला. अध्यक्ष हसले नाहीत.

आठवड्याभरानं आमचं प्रॅक्टिकल चालू असताना हेडक्लार्क टाइप केलेला कागद घेऊन आले. 'अळीला औषधाची सवय होते. मेळाव्यात माझ्याकडून चुकीचे सांगितले गेले.' खाली सहीची जागा. "सही करून टाका सर," ते हळूच म्हणाले. "जून काही लांब नाही."

सरांनी लाल पेन्सिल काढली. 'अळीला औषधाची सवय' खोडून वर 'औषधाने अळीची निवड' लिहिलं, दुसरं वाक्य पूर्ण खोडलं आणि समासात शेरा दिला : संकल्पना कच्ची. पुन्हा लिहा. कागद हेडक्लार्कच्या हातात परत.

ते गेल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही. "सर, एका शब्दासाठी नोकरी घालवता?" बोलून गेले आणि जीभ चावली.

सर म्हणाले, "चालेल. ही 'साठी' मी कापणार नाही. अळी ठरवून काही करत नाही. मी करतोय."

जूनमध्ये ऑर्डर आली नाही. सर धुळ्याला गेले, भाड्याच्या खोलीत क्लास घेऊ लागले. गावात लोक म्हणाले, मास्तरला मस्ती नडली. मी म्हणते, असल्या मस्तीनंच आमच्यासारख्यांची डोकी उघडली.

पुढच्या हंगामात आबांनी दुप्पट डोस मारून पाहिला. बोंडं तशीच पोखरलेली. एक बोंड फोडून आतली अळी मला दाखवत आबा म्हणाले, "अध्यक्षनं आयकत नही ही. तुना सरनंच आयकस."

दिवाळीनंतर एस.टी.नं धुळ्याला गेले आणि सरांना हे वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. वाटलं, खूश होतील. ते फळा पुसत होते. पाठमोरेच म्हणाले, "आबांना सांग, अळी माझंही ऐकत नाही. मीच तिचं ऐकतो."